मद्याची मात्रा : एका विकल्पाचे निरसन

उपदेश घेतलेल्या जीवाने मद्य वर्ज्य करावे, हा विधी पंथात निर्विवाद आहे. त्याविषयी वेगळे निरूपण करण्याची गरज जुन्या पिढीला फारशी भासली नाही. मद्यपी मनुष्य स्वतःही मद्याला बरे म्हणत नसे. तो घेत असे आणि चुकत असे. चूक आहे हे जाणूनही घेत असे. त्याचा तो विकार होता. अलीकडे जो प्रश्न उपदेशींच्या घरांत, विशेषतः शिकलेल्या मुलांच्या तोंडून ऐकू येतो, तो निराळ्या जातीचा आहे. “अति पिणे वाईट हे कोण नाकारतो? परंतु मात्रेने घेतलेली थोडी दारू प्रकृतीला हितकारकच असते, असे डॉक्टरही म्हणतात.” हा विकार नव्हे, हा विकल्प होय. विकारी मनुष्य पश्चात्तापाने सावरू शकतो. विकल्पात पडलेल्याला मात्र सावरण्यासारखे काही घडले आहे असेच वाटत नाही. म्हणून ह्या ‘थोडी’ शब्दाचा विचार करणे अवश्य आहे.

ह्यासाठी एक दृष्टांत घ्यावा. जुन्नरच्या पश्चिमेस, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी घाटघर हे गाव आहे. तेथून जवळच नाणेघाट कोकणात उतरतो. घाटाच्या माथ्याशी लेणे आहे, त्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि वाटेवर एक मोठा दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात ह्या रांजणात पडे, असे परंपरेने सांगतात. आता असे समजावे की, कल्याण बंदराकडून बैलांचे तांडे वर येत आहेत. प्रत्येक व्यापारी आपले एक नाणे रांजणात टाकतो आणि पुढे जातो. एका नाण्याने रांजण भरला असे कधी होत नाही. नाणे टाकणाऱ्याला आपण काही विशेष दिले असेही वाटत नाही. तथापि सायंकाळी रांजण भरलेला असतो, आणि तो कोणत्या नाण्याने भरला हे कोणालाही सांगता येत नाही.

दार्ष्टांतिक असे. रांजण म्हणजे हा मनुष्यदेह. नाणे म्हणजे मद्याचा प्रत्येक प्याला. रोग कोणत्या प्याल्याने आला, हे वैद्याला दाखविता येत नाही. म्हणून पिणारा प्रत्येक प्याल्याला निर्दोष ठरवितो. नाणी निरनिराळ्या राजांची असतील, परंतु रांजण एकच. कोणी व्हिस्की म्हणो, कोणी बिअर, वाइन वा गावठी म्हणो, शरीराला त्यातील एकच द्रव्य ओळखता येते. त्याला रसायनशास्त्रात इथेनॉल म्हणतात. साठ मिलिलिटरच्या पेगात ते सुमारे २० ग्रॅम असते. ज्या बाटलीला बाजारात ‘क्वार्टर’ म्हणतात त्या १८० मिलिलिटरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. आणि ‘बिअर ही काय दारू आहे’ असे म्हणून घेतली जाणारी आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बिअर ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम देते, म्हणजे दोन पेगांइतके. ह्यात हलके कोणते आणि जड कोणते?

दृष्टांत एकदेशी असतो, सर्वांशी घेऊ नये. पुढे जेथे तो लंगडा पडतो तेथे तसे सांगितले आहे.

पोटात गेलेले मद्य यकृतात जाते. तेथे त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य होते. हे द्रव्य पेशींच्या मूळ सूत्राला, ज्यात शरीर घडविण्याचा सर्व लेख असतो, इजा करते आणि झालेली इजा दुरुस्त करण्याच्या व्यवस्थेतही अडथळा आणते. मुखातील सूक्ष्म जंतूही लाळेत मद्यापासून हेच द्रव्य तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला मनुष्यास निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखू त्याच गटात आहे. मुख, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, इतक्या ठिकाणच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. आपल्याकडे तंबाखू चुना लावून दाढेखाली धरण्याची आणि मिश्रीची सवय घरोघर दिसते. जो तंबाखूही खातो आणि मद्यही घेतो, त्याच्या तोंडाचा व अन्ननलिकेचा धोका दोहोंची बेरीज होऊन थांबत नाही. तो त्याहून कितीतरी अधिक वाढतो.

येथे मात्रेचा प्रश्न सरळ येतो. स्तनाच्या कर्करोगाविषयी अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून जे आढळले ते असे, की रोज केवळ १० ग्रॅम, म्हणजे अर्धा पेग, घेणाऱ्या स्त्रीचा धोका सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. सात टक्के म्हणजे शंभरांतल्या सात जणींना कर्करोग होतो असे नव्हे. मूळचा जो धोका आहे त्यात तितकी भर पडते. भर लहान आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. परंतु ती शून्य नाही, आणि जसजसे प्रमाण वाढते तसतशी ती वाढत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले की, आरोग्याच्या दृष्टीने मद्यपानाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. त्याच संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले.

मग ‘थोडी हितकारक’ हे आले कोठून? ह्याचे मूळ शोधले पाहिजे, कारण विकल्पाला बहुधा सत्याचा एखादा तुकडा चिकटलेला असतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांतील पुष्कळ पाहण्यांत असे दिसले, की मुळीच न घेणाऱ्यांपेक्षा थोडे घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो. फ्रान्समधील लोकांची द्राक्षमदिरा तर त्यासाठी प्रसिद्धीस आली. पुढे ह्या पाहण्या बारकाईने तपासल्या गेल्या तेव्हा दोष हाती लागला. ‘न घेणारे’ म्हणून ज्यांची गणना केली होती, त्यांत आजारपणामुळे मद्य सोडून दिलेले पुष्कळ होते. यकृत बिघडले म्हणून ज्याने काल सोडली, त्याला आज निर्व्यसनी समजून तुलना केली, तर पिणारा निरोगी दिसणारच! शिवाय थोडे घेणारे बहुधा सुखवस्तू होते; त्यांचे अन्न, औषध, विश्रांती सारेच बरे होते.

ह्याची खरी परीक्षा चीनमध्ये झाली. पूर्व आशियातील कित्येक लोकांना जन्मतःच मद्य सोसत नाही. घेताच चेहरा लाल होतो, जीव घाबरा होतो. म्हणून ते कमी घेतात. हे आजाराने ठरत नाही, श्रीमंतीनेही नाही. ते जन्मानेच ठरते. तेथील सुमारे पाच लाख लोकांच्या दीर्घ पाहणीत ह्या जन्मजात भेदाचा आधार घेऊन हिशेब केला गेला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. मद्याचे प्रमाण जितके वाढे तितका रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढत होता. थोड्या मात्रेने पक्षाघातापासून रक्षण होते, असे कोठेही आढळले नाही. इतके स्पष्ट झाल्यावरही जो जुनीच गोष्ट सांगतो, त्याला ती औषधासाठी नको असते, हे उघड आहे.

द्राक्षांविषयी आणखी एक बोलले जाते. जुन्नर तालुक्यात द्राक्षबागा पुष्कळ आहेत, आणि १९८० च्या दशकात नारायणगावाजवळ फेसाळ द्राक्षमदिरा करणारा कारखानाही उभा राहिला होता. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन ही दारूच नव्हे, असा युक्तिवाद चालला होता. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळावा, हे कोणाला नको आहे? परंतु भावाचा प्रश्न बाजाराचा आहे. त्याने इथेनॉलचा गुण पालटत नाही. मदिरेचा व्यापार ह्या देशाला नवाही नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक सागरी वृत्तांतात भरूच बंदरी उतरणाऱ्या मालात इटलीच्या मदिरेचे नाव आहे. जकात देऊन आली म्हणून ती निर्विष झाली नाही.

आता डोंगराकडे वळू. घाटघरच्या बाजूस पाऊस मोठा, शेती भाताची आणि नाचणीची. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करावा, पुढे मळ्यांवर मजुरीला जावे, असे तेथील कष्टाळू आदिवासी कुटुंबांचे वर्ष जाते. हिरडा हे आयुर्वेदातील श्रेष्ठ औषध. ते औषध विकून आलेल्या पैशातून एखाद्या घरात बाटली आली, तर ह्याहून विपरीत सौदा कोणता? अर्थात व्यसन हे डोंगरातल्या माणसाचेच आहे असे मुळीच समजू नये. २०१९-२० च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील सुमारे १४ टक्के पुरुष मद्य घेणारे आढळले, त्यांत शहर आणि खेडे दोन्ही आहेत. भेद इतकाच की, शहरातल्याला रुग्णालय जवळ असते. घाटघराहून जुन्नर सुमारे ३० किलोमीटर आहे, आणि रक्ताची उलटी झालेल्या माणसाला तेवढे अंतर फार असते.

रक्ताची उलटी का होते, हेही सांगितले पाहिजे. यकृतात प्रथम मेद साचतो. तेव्हा काहीच दुखत नाही. पुढे दाह होतो, डोळे पिवळे होतात. शेवटी यकृताचा मांसल भाग जाऊन तेथे कठीण, व्रणासारखा तंतुमय भाग होतो. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला त्यातून वाट मिळत नाही; पोटात पाणी साचून जलोदर होतो, आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगून एखाद्या रात्री फुटतात. दृष्टांत लंगडा पडतो तो येथे. रांजण केव्हाही उपसता येतो. देह तसा नाही. मद्य सर्वस्वी सोडले तर यकृतातला मेद बहुधा काही आठवड्यांतच उतरतो. काठिण्य आल्यावर मात्र गेलेले परत मिळत नाही, फक्त उरलेले राखता येते. तेही थोडे नव्हे.

क्षयरोगाकडे विशेष लक्ष द्यावे. रोज ४० ग्रॅमहून अधिक मद्य घेणाऱ्याला क्षय होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. मद्याने शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, अन्न कमी जाते, वजन घटते. क्षयाचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. परंतु त्या गोळ्यांतील प्रमुख औषधांचा भार यकृतावरच पडतो. मद्य चालू ठेवून गोळ्या घेतल्या तर कावीळ होते. कावीळ झाली की गोळ्या थांबवाव्या लागतात. मध्येच थांबविल्या की रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि खोकला घरातल्या लेकरांपर्यंत जातो. अहिंसेचे व्रत धरणाऱ्याने ही हिंसा ओळखावी. ती हाताने होत नाही म्हणून दिसत नाही, इतकेच.

हातभट्टीविषयी फार लिहावयास नको. काळा गूळ आणि नवसागर घालून काढलेल्या दारूची तीव्रता काढणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि तिच्या नावाखाली जेव्हा कारखान्यातले मिथेनॉल विकले जाते, तेव्हा ते शरीरात फॉर्मिक आम्ल होऊन प्रथम डोळ्यांची नस मारते, मग प्राण घेते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली.

“आमचे आजोबा रोज घेत आणि नव्वद वर्षे जगले,” असे काहीजण सांगतात. कुकडीला पूर असता कोणी पोहून पार झाला, तर तो येऊन आपली गोष्ट सांगतो. जे वाहून गेले ते सांगावयास येत नाहीत. वाचलेल्याच्या साक्षीवरून पुराला उतार म्हणू नये.

श्रीकृष्ण चक्रवर्तींच्या द्वारावतीतील कथा उपदेशींना ठाऊक आहे. मौसलपर्वात असे आहे की, यादवांच्या नगरात मद्य गाळणाऱ्यास सुळाच्या शिक्षेची दवंडी पिटली गेली. राजाज्ञा होती, शिक्षा होती. नगरात ती पाळली गेली. पुढे सर्व यादव प्रभासतीर्थी गेले, आणि तेथे, तीर्थाच्या ठायी, यात्रेच्या निमित्ताने मद्य वाटले गेले. सात्यकी आणि कृतवर्मा ह्यांचे जुने वैर त्या पानात उफाळले आणि कुळाचा नाश झाला. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, नेहमीच्या दिवशी कोणी मोडले नाही. सणाच्या दिवशी, ‘आजच्यापुरते’ म्हणून मोडले. लग्नात, जत्रेत, हळदीच्या रात्री उपदेशी घरातील मुलाला जो प्याला पुढे केला जातो, तोही ‘आजच्यापुरता’ असतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी पंथातील थोरांनीही ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षे रोज घेणारा मनुष्य उपदेश घेण्यास आला आणि त्याने त्याच दिवशी सर्व सोडले, तर त्याचा निश्चय वंदनीय आहे; पण त्याचा देह मद्याला बांधलेला असतो. शेवटच्या प्याल्यानंतर काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप जाते. कोणाला पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येतात. कोणाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो, आणि उपचार न झाल्यास मृत्यूही येतो. घरचे लोक ह्याला बाहेरची बाधा समजतात, किंवा घाबरून पुन्हा बाटली देतात. दोन्ही चुकीचे. अशा माणसाला त्याग करण्यापूर्वीच डॉक्टरांकडे न्यावे, किती आणि किती वर्षे घेतो हे लाज न धरता सांगावे. काही दिवसांच्या औषधाने हे झटके टाळता येतात. त्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व बहुधा संपलेले असते. म्हणून ग्लुकोज चढविण्यापूर्वी ते टोचून देण्याची पद्धत आहे, नाहीतर स्मृती कायमची जाऊ शकते. हे घरच्यांना ठाऊक असले म्हणजे दवाखान्यात विचारता येते. त्या आठवड्यात घरातील एकाने रात्रंदिवस त्याच्याजवळ असावे, आणि जुन्नरला जाणारी गाडी कोणाकडे आहे हे आधीच पाहून ठेवावे.