मोरीच्या तोंडापलीकडे

मोरीच्या तोंडाशी माणसाची जबाबदारी संपते का? एवढा एकच प्रश्न घेऊन हे लिहितो आहे. प्रश्न गटाराचा दिसतो. पण तो नीतीचा आहे, आणि आपल्या देशात नीतीचा प्रश्न उकरला की खाली जात सापडतेच.

दोस्तहो, पांढरपेशाचं घर बघा. फरशी लख्ख, देव्हारा लख्ख, मोरीत फिनेल. खरकटं, तळणीचं तेल, साबणाचा फेस, कधी प्लॅस्टिक, कधी पॅड, सगळं त्या भोकातून नाहीतर संडासातून खाली जातं. गेलं की संपलं. पुढं त्याचं काय होतं याचा नुसता विचारही त्याला ओंगळ वाटतो. पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण आहे ही. घाण उंबऱ्याबाहेर ढकलायची आणि आंघोळ करून मोकळं व्हायचं. उंबऱ्याबाहेर कुणाला ठेवलं होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण पाणी असं संपत नाही. मुंबईत जमिनीखाली त्याच्या दोन वाटा आहेत. एक मलवाहिनी. ती संडास-मोरीचं पाणी पंपिंग स्टेशनकडे नि पुढे प्रक्रिया केंद्राकडे नेते. दुसरी पर्जन्यवाहिनी. ती पावसाचं पाणी नाल्यातून खाडीला, समुद्राला नेऊन सोडते, वाटेत ते कुणी गाळत नाही की धुवत नाही. सोसायटीत बाल्कनीत कपड्यांचं मशीन ठेवतात आणि त्याची नळी पावसाच्या पाइपात खुपसतात. तो फेस थेट नाल्यात. म्हणून तर एप्रिल-मेमध्ये, आभाळातून थेंब नसताना, पावसाचे म्हणवणारे नाले काळे वाहत असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१ चा हिशेब असा, की देशातल्या शहरांत रोज सुमारे ७,२३७ कोटी लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रक्रिया होते जेमतेम २,०२४ कोटी लिटरवर. उरलेलं नदी, नाला, खाडी, आणि त्यांच्या काठावरची माणसं.

आता कुणी म्हणेल, नाले तर झोपडपट्टीवाले घाण करतात. असं भाषण ठोकणाऱ्याला विचारा, वस्तीखालून मलवाहिनी टाकली कुणी? वस्ती 'अनधिकृत', म्हणून लाइन नाही. दारापुढचं उघडं गटार हीच मोरी. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. ठीक. पण आत आलेलं पाणी बाहेरही जाणार ना? प्यायचा हक्क आहे आणि सांडायला जागा नाही, हा कुठला न्याय? वस्तीची घाण उघड्यावरून जाते म्हणून तिला नाव आहे. सोसायटीची झाकलेल्या पाइपातून जाते म्हणून ती बिनबोभाट.

इंग्रजांच्या काळातल्या मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला. वरचं पाणी, खालचं पाणी एक झालं. त्यातून चालणाऱ्यांच्या पायाच्या जखमांतून लेप्टो शिरला. त्या दिवशी पाण्यानं जात विचारली नाही, असं लोक अजून कौतुकानं सांगतात. पाणी ओसरल्यावर गाळात कोण उतरलं, तेवढं सांगत नाहीत.

२९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. वाईटच झालं. शहर हळहळलं, प्रकरण कोर्टात गेलं, मॅनहोलला जाळ्या बसवण्याची चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण त्याच भोकात आपली माणसं पोटासाठी उतरतात आणि वर येत नाहीत, तेव्हा पेपरच्या कोपऱ्यात चार ओळी असतात. चुकून पडला तो माणूस. आणि जाणूनबुजून उतरवला तो कोण?

हे मरण कसं येतं ते नीट समजून घ्या, कारण त्याची सुरुवात स्वयंपाकघरात आहे. ओतलेलं तेल पाइपात गोठतं. त्याला खरकटं, प्लॅस्टिक चिकटतं. लाइन चोकअप होते. तुंबलेली घाण हवेशिवाय कुजते आणि तिच्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोडा असला तर सडक्या अंड्याची घाण येते. वाढला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं गॅस गेला. तो खाली वाकतो आणि पडतो. त्याला काढायला भाऊबंद उतरतो, तोही पडतो. मुकादम वरून हाका मारत राहतो. चौथ्या मजल्यावरच्या बाईनं कढईतलं तेल मोरीत ओतलं तेव्हा तिला कुणाला मारायचं नव्हतं, हे मला मान्य. पण तिच्या आणि त्या माणसाच्या मध्ये फक्त एक पाइप होता. पाइप लांब असला म्हणून नातं तुटत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये हेच समजावलं आहे, की एकट्या माणसाला धम्माची गरज नसते, दुसरा माणूस आला की ती सुरू होते. मोरीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा माणूस आहे. तिथून नीती सुरू होते.

इथं शुद्धता आणि स्वच्छता यांतला फरक कळला पाहिजे. २० मार्च १९२७ ला महाडला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो. नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही अशा १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. पाणी घाण झालं आणि शुद्ध झालं! शुद्धता म्हणजे हेच. तिला पाण्यात काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, कुणाचा हात लागला याच्याशी आहे. स्वच्छता मात्र मोजता येते. तिला पाइप लागतो, मशीन लागतं, पैसा लागतो. आणि शुद्धतेला माणूस लागतो, ज्याच्या डोक्यावर सगळं ढकलता येईल असा.

कायदे आहेत. १९९३ चा झाला, २०१३ चा झाला. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं मृताच्या घरच्यांना १० लाख द्यायला लावले, २०२३ साली ३० लाख केले. भाव वाढला, उतरवणं थांबलं नाही. 'नमस्ते' योजनेत २०२४ पर्यंत नोंदलेल्या सुमारे ३८ हजार गटार-टाकी कामगारांत जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हा १९३६ सालचा बाबासाहेबांचा मुद्दा सरकारी रजिस्टरात असा उतरला आहे.

आता आपल्या घरातलं बोलू. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. त्या नोकरीवर खोली टिकते, बहिणीचं लग्न होतं, धाकटा कॉलेजात जातो. बी.ए. झालेला पोरगा बापाच्या जागी झाडू धरतो, तेव्हा त्याला 'सोड' म्हणायला मला जड जातं. ठेकेदाराच्या रोजंदारीपेक्षा कायम नोकरी शंभर पटीनं बरी. पण वारसाहक्कानं जे मिळतं ते बापाचं कामच असेल, तर त्याला हक्क म्हणायचं की बेडी? माझं उत्तर असं: नोकरीचा हक्क सोडायचा नाही, त्या कामाचा वारसा नाकारायचा. वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे जागा द्या, मशीन चालवायचं शिक्षण द्या, आणि मशीन ठेकेदाराच्या नव्हे, पालिकेच्या मालकीचं ठेवा.

दुसरं याहून कडू. आपल्या बुद्धविहाराचा संडास तुंबला की आपण कुणाला हाक मारतो? वाल्मिकीला, मेहतराला, रुखीला. त्याला चहा वेगळ्या कपात देतो का, हे ज्यानं त्यानं आठवावं. उंबरा आपणही बांधला असेल तर दुसऱ्याचा फोडायला कुठल्या तोंडानं जायचं?

तेव्हा कामाला लागू. पावसाळ्याआधी नालेसफाई सुरू होईल. आपल्या वॉर्डात गाळात कोण उतरतो, त्याच्या पायात बूट आहेत की नाहीत, काढलेला गाळ काठावरच ठेवून पहिल्या पावसात परत नाल्यात जातो का, हे लिहून काढा. वस्तीतलं प्रत्येक गटार कुठं मिळतं याचा नकाशा करा आणि मलवाहिनीची मागणी लेखी द्या. माणूस उतरवताना दिसला तर तिथंच थांबवा आणि २०१३ च्या कायद्याखाली तक्रार करा. आणि आजच्या आज, घरी गेल्यावर, कढईतलं तेल मोरीत ओतू नका.