पात्र

‘पात्र’ हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. नाटकातले पात्र, नदीचे पात्र, पूजेतले पंचपात्र आणि दान घेणारे सत्पात्र, या सर्वांना आपण एकाच शब्दात बसवले आहे. दिवाळी जवळ आली की घरोघरी पितळेची पात्रे चिंचेने घासून लखलखीत होतात. मला मात्र या दिवसांत त्या शेवटच्या पात्राची आठवण होते, आणि खरे सांगायचे तर ती आठवण सुखाची नाही.

गेली काही वर्षे एका लहानशा निधीचा कारभार माझ्याकडे आहे. जळगावचे काही व्यापारी, धुळ्याचे निवृत्त शिक्षक, रावेर-यावलकडचे केळीचे बागाईतदार दरसाल यथाशक्ती पैसे देतात. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि साक्रीच्या डोंगरपट्टीत जंगल, पाणी व जमीन यांसाठी झगडणारे जे छोटे छोटे गट आहेत, त्यांना तो पैसा पोहोचवणे हे माझे काम. या कामाला हल्ली ‘पर्यावरणीय न्याय’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव जड असले तरी अर्थ साधा आहे. नदी आटली, रान उजाड झाले, तर ज्यांनी ती आटवली नाही की ते उजाडले नाही, त्यांच्याच डोक्यावर त्याचा भार का पडावा, एवढाच तो प्रश्न.

आमच्या पैशातून फार मोठे काही होते असे नाही. एस.टी.चे भाडे, नकाशांच्या प्रती, अर्जाचे कागद, तालुक्याच्या गावी गेलेल्या माणसांची भाजी-भाकरी, इतकेच. परंतु कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवणारा माणूस हळूहळू स्वतःला पारखी समजू लागतो. मीही समजू लागलो होतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आदिवासी गावाचा गट २००६ सालच्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दाव्याची तयारी करीत होता. हा दावा ग्रामसभेने तयार करायचा, मग तो उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जायचा, अशी पायरी-पायरीची वाट आहे. म्हाताऱ्यांचे जबाब, सीमेच्या खुणा, जुने कागद, सारे जमवावे लागते. आमच्या पहिल्या हप्त्याचा हिशेब त्या गटाने पाठवला. त्यात सातशे रुपये जीपच्या भाड्याचे होते आणि त्यांची पावती नव्हती. मी पत्र लिहिले, पावती मागितली. ती आली नाही. मी दुसरा हप्ता थांबवला. नियम तो नियम, असे स्वतःला बजावले आणि त्या रात्री मला स्वस्थ झोपही लागली.

पुढे दाव्याच्या सुनावणीची तारीख लागली. पंधरा-वीस माणसांनी जायचे होते, ती दोघेच गेली. कागद अपुरे ठरले आणि दावा मागे पडला. गटातल्या कोणी माझ्याकडे तक्रार केली नाही. काही महिन्यांनी त्यांच्यातली एक वयस्क बाई दुसऱ्याच कामासाठी जळगावला आली, तेव्हा भेटून गेली. चहा पिता पिता ती अहिराणीत जे बोलली त्याचा अर्थ असा : “भाऊ, डोंगरात जीपवाला पावती देत नाही. बाजारात कोऱ्या पावतीचे पुस्तक मिळते. आम्हालाही ते ठाऊक होते. खोटी पावती आम्ही केली नाही, म्हणून तुम्ही पैसे दिले नाहीत.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. त्या वर्षी इतर गटांच्या ज्या नीटनेटक्या पावत्या मी समाधानाने फायलीत लावल्या होत्या, त्यांतल्या किती त्या कोऱ्या पुस्तकातल्या होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या नियमाने खरेपणाला दंड केला होता. अपात्र कोण ठरले होते, ते गाव की मी?

धुळ्यात राहणाऱ्या माणसाला अशा वेळी तिथल्या तुरुंगाची आठवण होणे साहजिक आहे. १९३२ साली त्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवारी गीतेचे अठरा अध्याय सांगितले आणि पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार येतात. परतफेडीची आशा न धरता, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक दान. मग अहवाल मागणारा, फळ मोजणारा माझ्यासारखा कारभारी कोणत्या प्रकारात मोडतो? विनोबांनी तर १९५६ साली याहून पुढची उडी घेतली. भूदानाच्या कामासाठी गांधी स्मारक निधीकडून येणारी मदतच त्यांनी बंद केली आणि तिला ‘निधिमुक्ती’ हे नाव दिले. चळवळीने निधीवर जगू नये, लोकांवर जगावे, हा त्यांचा विचार.

हा विचार मला पटतो. पण माझी अडचण त्याने सुटत नाही. फळाची आशा ज्याने सोडायची तो पैशाचा धनी असावा लागतो. मी तर दुसऱ्यांचा पैसा वाटतो. त्या निवृत्त मास्तरांच्या पेन्शनीतल्या पाचशे रुपयांवरचा हक्क मी कोणत्या अधिकाराने सोडू? हिशेब न मागणे हे माझ्या बाबतीत वैराग्य नव्हे, निष्काळजीपणा ठरेल. तेव्हा हिशेब तर हवा, आणि खरेपणाला दंड तर नको. या कोड्याचे उत्तर मला पोथीत मिळाले नाही. ते पांझरेच्या काठी मिळाले.

पांझरा नदीवर तीन-तीनशे वर्षांचे जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर चालणारी फड पद्धत खानदेशाबाहेरच्या अभ्यासकांनीही नावाजली आहे. बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत वाटलेली असते. एका फडात एका वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी प्रत्येकाला पाळीने. पाणी सोडणारा तो पाटकरी. तो नदीचा मालक नसतो आणि शेताचाही नसतो. त्याला शेतकरीच धान्य देत, आणि तो त्यांनाच बांधील असे. ‘मी तुला पाणी दिले’ असे पाटकरी म्हणू लागला, तर लोक हसतील. मला वाटते, निधीच्या कारभाऱ्याची योग्यता एवढीच आहे. त्याने हिशेब ठेवावा. पण तो वर बंधाऱ्याला जितका द्यावा, तितकाच खाली शेवटच्या वावरालाही द्यावा.

मोठ्या पैशाला हे खालचे वावर बहुधा दिसतच नाही. सरदार सरोवरासाठी १९८५ साली जागतिक बँकेने पंचेचाळीस कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या, आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेलेल्या, मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांना त्याआधी कोणी विचारले नव्हते. लोकांनी इतके वर्षे विरोध केला तेव्हा बँकेने स्वतंत्र समिती नेमली. १९९२ साली तिच्या अहवालाने पुनर्वसनातले दोष उघड केले आणि १९९३ साली उरलेले कर्ज थांबले. म्हणजे पंचेचाळीस कोटी डॉलर गावाला न विचारता मंजूर होऊ शकतात, आणि सातशे रुपयांना मात्र पावती लागते!

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. आमच्या निधीत केळीच्या बागांचा पैसा आहे. यावल-रावेरच्या त्या हिरव्यागार बागा जमिनीखालच्या पाण्यावर उभ्या आहेत, आणि ते पाणी दरसाल खोल चालले आहे. सातपुड्याच्या रानात मुरलेले पाणीच खाली बागांना मिळते. म्हणजे रान राखणारा वर आहे, पाणी पिणारा खाली. मग आपण वर पाठवतो ते दान कसले? ती उधारी आहे, तीही थोडीथोडकी फेडलेली. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी जो निधी उभा केला, त्याचे नाव त्यांनी ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ असे ठेवले. कृतज्ञ कोणी राहायचे, हे त्या नावातच आले.

आता आम्ही नियम बदलला आहे. जिथे पावती मिळत नाही तिथे खर्च ग्रामसभेत मोठ्याने वाचायचा आणि गावाने तो मान्य करायचा. गावाने स्वतः केलेल्या नियमाचे बळ काय असते, ते साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने दाखवले आहे. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी स्वतः ठरवली, दंडही स्वतःच ठरवला, आणि चारशे हेक्टरांहून अधिक रान पुन्हा उभे केले. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. शेजारी बसणाऱ्या माणसांसमोर खोटे बोलणे कोऱ्या पावतीवर सही करण्याहून पुष्कळ अवघड असते.

नियमाचा दुसरा अर्धा भाग असा की, वर्षातून एकदा निधीचा हिशेबही सर्व गटांसमोर वाचला जातो. पहिल्याच वाचनाला ती वयस्क बाई आली होती. त्यांचा दावा पुन्हा दाखल झाला आहे, अजून निकाल नाही. ती शेवटपर्यंत मुकाट्याने ऐकत होती. मग तिने एकच प्रश्न विचारला : “भाऊ, तुमच्या बैठकीच्या चहाचे आठशे रुपये लिहिले आहेत. त्याची पावती कुठे आहे?”

पावती नव्हती. आमच्या चहावाल्याने ती दिली नव्हती, आणि आम्ही मागितलीही नव्हती. सभा खळखळून हसली, मीही हसलो. मग उभे राहून मी त्या चहाचा हिशेब तोंडी सांगितला, आणि सभेने तो मान्य केला.