धाब्याचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८



मोशेच्या नियमशास्त्रात घर बांधणाऱ्यास एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधले म्हणजे त्याच्या धाब्यास कठडा करावा. नाही तर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. त्या देशातील घरांची छपरे सपाट असत. लोक तेथे पीक वाळत घालीत, पाहुण्यास निजावयास जागा देत, प्रार्थनाही करीत. यापो येथे पेत्र प्रार्थनेसाठी धाब्यावरच गेला होता. म्हणून देवाने धाब्यावर चढण्याची मनाई केली नाही. कठडा करावयास सांगितले.

नवेगाव बांधाच्या आसपास आपली पुष्कळ घरे कवेलूंची आहेत. त्यांवर कोणी चढून बसत नाही. परंतु अलीकडे आपल्या घरांना एक नवाच धाबा झाला आहे, तो म्हणजे मोबाईलमधील इंटरनेट. २०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि धडे फोनवर येऊ लागले. तेव्हा कित्येक गरीब आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन फोन आणला. साथ ओसरली, शाळा उघडल्या, पण फोन मुलांच्या हातीच राहिला. धडा संपतो न संपतो तोच दुसरे चित्र आपोआप सुरू होते; त्यामागून पैशांचे खेळ, अमंगळ चित्रे, अनोळखी माणसांची गोड बोलणी येतात. धाबा झाला, कठडा मात्र राहून गेला.

ह्या वचनावरून तीन गोष्टींचा विचार करू.

पहिली गोष्ट ही की, कठडा घरधन्याने बांधावयाचा आहे. ही आज्ञा शेजाऱ्यास किंवा गावच्या पंचांस दिलेली नाही. एली याजकास आपल्या मुलांचे दुराचरण ठाऊक होते, तरी त्याने त्यांस आवरले नाही. आणि देवाने त्याचा जाब एलीस विचारला (१ शमुवेल ३:१३). कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, आम्ही अडाणी, फोन कसा चालवावा हे पोरगाच आम्हांस शिकवितो." त्यांनी असे करावे. अभ्यासासाठी कोणकोणती संकेतस्थळे लागतात ह्याची यादी शिक्षकांकडून लिहून घ्यावी. बालभारतीच्या संकेतस्थळावर शाळेची पुस्तके फुकट मिळतात. २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी 'दीक्षा' वर धडे आहेत. पालकाने मान्य केलेल्या स्थळांवाचून दुसरे काही उघडू नये अशी सोय फोनमध्ये करता येते. चित्रफितींचे व खेळांचे अ‍ॅप मात्र निराळे बंद करावे लागतात. हे काम उपदेशकाने किंवा मंडळीतील जाणत्या तरुणाने करून द्यावे. परंतु कुलपाचा आकडा आईबापांनी आपल्याजवळ ठेवावा.

दुसरी गोष्ट, कठडा म्हणजे कोठडी नव्हे. येथे मला स्वतःचा दोष पदरी घेतला पाहिजे. माझा मुलगा नववीत असता मी तीन स्थळांची यादी केली आणि बाकी सर्व बंद केले. पुढे त्यास शाळेत सारस पक्ष्यावर लिहावयाचे होते. आपल्या गोंदिया जिल्ह्याचे हे भूषण. पण त्याची माहिती त्या तीन स्थळांत नव्हती. त्याने दोनदा विचारले. मी पुरते ऐकूनही न घेता "नाही" म्हणालो, कारण माझ्या मनात संशय होता. तो मित्राच्या घरी गेला. तेथे सारसाची माहिती मिळाली, आणि ज्याची मला भीती होती तेही त्याच्या दृष्टीस पडले. काही दिवसांनी त्याने रडत मला हे सांगितले, तेव्हा मी त्याची क्षमा मागितली. बापांनी मुलांस चिरडीस आणू नये, प्रभूच्या शिस्तीत वाढवावे, असे पौलाने इफिसकरांस लिहिले आहे (६:४). ते मी संशयाच्या भरात विसरलो होतो. आता आम्ही दर शनिवारी संध्याकाळी यादी घेऊन बसतो. काय वाढवावे व का, हे तो सांगतो, मी ऐकतो. आपल्या गावाच्या नावातच बांध आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असे सांगतात. पाणी शेतास मिळू नये म्हणून काही त्यांनी पाळ घातली नाही. वेळेवर व बेताने मिळावे म्हणून घातली.

तिसरी गोष्ट, कठडा घरातील सर्वांसाठी आहे; घरधनीदेखील धाब्यावरून पडू शकतो. २०२२ च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बांशी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईलची बंदी केली. त्याच वर्षी ऑगस्टात सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे निराळी रीत सुरू झाली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजे, आणि साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करावा म्हणून मोठ्यांनीही दूरदर्शन व फोन बंद ठेवावे असे ठरले. बंधूंनो, ही दुसरी रीत मला शास्त्रास अधिक धरून वाटते. आपण अंथरुणात पडून मध्यरात्रीपर्यंत फोन पाहावा आणि मुलास संयम शिकवावा, हे कसे शोभेल?

शेवटी हेही ध्यानात ठेवा. उद्या आपली मुले शिक्षणासाठी गोंदियास, नागपुरास जातील. तेथे तुमची यादी नसेल, कुलूप नसेल. दानीएल बाबेलास गेला तेव्हा आईबाप सोबत नव्हते. तरी आपण विटाळू नये असा निश्चय त्याने आपल्या मनात केला (दानीएल १:८). तो निश्चय मुलांच्या अंतःकरणात रुजेपर्यंत आपला कठडा उभा राहावा, एवढेच त्याचे काम. म्हणून नुसते कुलूप लावून स्वस्थ बसू नका. मुलांबरोबर वचन वाचा, त्यांच्यासाठी त्यांच्या देखत प्रार्थना करा.

ह्या आठवड्यात प्रत्येक घराने मुलास जवळ बसवून यादी करावी. रात्री घरातील सर्व फोन, बापाचाही, पवित्र शास्त्र ठेवता त्या फळीवर ठेवावेत. उपदेशकांनी रविवारच्या उपासनेनंतर आईबापांस थांबवून ह्याविषयी विचारपूस करावी.

हे स्वर्गीय पित्या, आमच्या निष्काळजीपणाची आणि आमच्या कठोरपणाचीही क्षमा कर. आमची लेकरे तुझी आहेत. त्यांस सांभाळ, आणि त्यांच्याआधी आम्हांस सांभाळ. येशूच्या नावाने. आमेन.