माती कोणाची?



भस्म बुधवारी कपाळी राख घेताना आपण मातीचे आहोत याची आपल्याला आठवण होते. हिब्रू भाषेत 'आदाम' म्हणजे माणूस आणि 'अदामा' म्हणजे जमीन. माणसाचे मातीशी इतके जवळचे नाते आहे. मग ही माती वाहून गेली, तर दोष कोणाचा?

सुपीक मातीचा दोन-तीन सेंटिमीटर थर तयार व्हायला हजार वर्षेही लागू शकतात. उघड्या उतारावरून तो जायला मात्र थोडेच पावसाळे पुरतात. पावसाचा थेंब जमिनीवर आदळतो, मातीचे कण सुटे होतात आणि पाणी त्यांना घेऊन उताराला लागते. आधी बारीक ओघळी पडतात, मग घळी. शेवटी उरतो मुरूम. झाडे तोडली, माळ चरून उघडा पडला, उताराच्या दिशेने नांगरट केली, की हा वेग वाढतो.

येथे कोणी एक गुन्हेगार सापडत नाही. प्रत्येक जण म्हणतो, माझ्या शेताचे मी पाहीन. पण पाणी सातबारा पाहून वाहत नाही. संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी, की मालकी खाजगी असू शकते. परंतु वापर करताना माणसाने आपली वस्तू सर्वांच्या हितासाठी आहे असे मानावे. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात तर जमीन परमेश्वराची आहे, आपण तिच्यावर पाहुणे आहोत, असे सांगून सातव्या वर्षी तिला विसावा द्यायची आज्ञा आहे.

ही शिकवण आचरणात आणणे सोपे नाही. मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फा. हर्मन बाखर यांनी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाणलोट विकासाच्या कामाला चालना दिली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ साली असे काम सुरू झाले. हे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे लागते: वर समपातळी चर व झाडे, खाली बांध. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे सारे त्यात आले.

खरा नैतिक पेच येथेच आहे. चराईबंदीचा पहिला फटका मेंढपाळांना आणि भूमिहीनांना बसतो, आणि विहिरी भरतात त्या मुख्यतः खालच्या शेतकऱ्यांच्या. गरिबाच्या त्यागावर श्रीमंताची विहीर भरत असेल, तर माती वाचली तरी न्याय वाहून गेला. म्हणून ज्याचा त्याग, त्याला वाटा मिळालाच पाहिजे: चाऱ्यात, मजुरीत आणि गावाच्या निर्णयातही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीची हाक आणि गरिबांची हाक एकत्रच ऐकायला सांगितले, त्याचा अर्थ हाच.

आपल्या बांधावरून गढूळ पाणी खाली उतरताना दिसले, तर केवळ आपले किती गेले एवढेच पाहू नये. खाली कोण राहतो आणि आपल्यामागून कोण येणार आहे, हेही आपण स्वतःला विचारू या. प्रभू आपल्याला तशी दृष्टी देवो.