रक्तातला आकडा कोणाचा?

माणसाला आपल्या मरणाची वेळ आधी कळावी काय? हा प्रश्न पूर्वी लोक ज्योतिषाला नाहीतर फकिराला विचारीत. आता तो रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेपर्यंत आला आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर रुग्ण किती काळ जगेल, याचा अंदाज रक्तातल्या खुणांवरून बांधला जातो.

1965 साली माँट्रियलच्या फिल गोल्ड व सॅम्युअल फ्रीडमन यांनी शोधलेले सीईए हे प्रथिन अशी एक खूण आहे. शस्त्रक्रियेआधी ते वाढलेले असेल तर रोग परतण्याचा धोका अधिक मानतात. दुसरी खूण साध्या सीबीसीतच मिळते: न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी लिम्फोसाइटच्या किती पट आहेत ते. अल्ब्युमिनची पातळीही पाहतात. अलीकडे गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडेही शोधता येतात. ब्रिटनमधील ट्रेसरएक्स संशोधनाच्या 2017 सालच्या अहवालात, रोग परतलेल्या रुग्णांच्या रक्तात हे तुकडे सीटी स्कॅनच्या साधारण 70 दिवस आधी दिसले होते.

काही मंडळी म्हणतील, मौतीची वेळ अल्लाहशिवाय कोणाला ठाऊक? खरे आहे, आणि तपासणीचा तसा दावाही नाही. काळे ढग पाहून छत्री घेणारा गैबचे ज्ञान सांगत नसतो. शिवाय खुणाही फसव्या असतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे सीईए कर्करोग नसतानाही वाढू शकते. साध्या जंतुसंसर्गानेही न्यूट्रोफिल वाढतात. आणि हे आकडे अनेकांविषयी बोलतात, एकाविषयी नाही. वर्गाची सरासरी 40 आली म्हणून शेवटच्या बाकावरच्या मुलीचे गुण मला सांगता येत नाहीत. अमेरिकेतील शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 साली पोटाच्या अस्तराचा कर्करोग झाला. निम्मे रुग्ण आठ महिन्यांत दगावतात, असे त्यांनी वाचले. ते पुढे वीस वर्षे जगले.

खरा धोका वेगळा आहे. आम्हा शिक्षकांना तो चांगला ठाऊक आहे. 'हा पोरगा दहावी पास होणार नाही' असे एकदा ठरले की त्याची वही कमी तपासली जाते, प्रश्न दुसऱ्याला विचारले जातात. पोरगा नापास होतो आणि मास्तर म्हणतात, पाहा, मी सांगितलेच होते! भाकीत खरे ठरले की खरे केले गेले? वाईट आकडा पाहून घरच्यांनी खर्चाचा हात आखडला, किंवा दवाखान्यात त्या खाटेजवळ थांबणे कमी झाले, तर तिथेही हेच घडेल. उलट तोच आकडा पहाऱ्याचेही काम करू शकतो. अल्ब्युमिन कमी असेल तर शरीरात सूज आहे की आहार कमी पडतो, ते पाहता येते. धोका जास्त दिसला तर पुढच्या तपासण्या आणि औषधे यांचा विचार वेळेवर होतो.

मग हा आकडा कोणाचा? आपल्या घरांत रिपोर्ट मुलगा वाचतो, जावई वाचतो. अब्बांना मात्र 'थोडा कफ आहे' असे सांगितले जाते. यात प्रेमच असते. पण कोणाचे कर्ज फेडायचे, कोणाची माफी मागायची, वसीयत काय करायची, ही कामे अब्बांची आहेत. त्यांचा आकडा आपल्याकडे अमानत आहे, आणि अमानत मालकाला न विचारता दडवता येत नाही. एखादा रुग्ण म्हणेल, 'मला काही सांगू नका.' तोही त्याचा हक्क आहे. आधी विचारावे, 'तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?' नको म्हणाला तर लादू नये. हवे म्हणाला तर लपवू नये, आणि आकड्याबरोबर त्याची मर्यादाही सांगावी.

'किती दिवस?' या प्रश्नाचे पक्के उत्तर रक्ताच्या थेंबात नाही. 'आता काय करता येईल?' याचे थोडेफार आहे. तो प्रश्न रुग्णाच्या पाठीमागे कुजबुजत न विचारता त्याच्या खाटेजवळ बसून विचारावा.