पाहुण्याची पानगळ

पोलिश भाषेत नोव्हेंबर महिन्याला ‘लिस्तोपाद’ म्हणतात. शब्दाचा अर्थ सरळ ‘पानगळ’ असा आहे. सप्टेंबरचे नाव माळरानावर फुलणाऱ्या एका जांभळ्या झुडपावरून पडले आहे, तर ऑक्टोबरचे जवस कांडल्यावर उरणाऱ्या काड्यांच्या भुशावरून. आपल्या पूर्वजांनी महिन्यांची नावे नक्षत्रांकडे पाहून ठेवली. या लोकांनी ती पायाखालच्या भूमीकडे पाहून ठेवलेली दिसतात. त्यांच्या या ऋतूला ‘शरद’ म्हणावे, तर आपल्या डोळ्यांपुढे कोजागरीचे चांदणे उभे राहते. म्हणून मी त्याला नुसते पानगळच म्हणतो.

वॉर्सा शहरात राहून नोकरीच्या निमित्ताने रोज ट्रॅमने येजा करणाऱ्या माझ्यासारख्या परक्याला या ऋतूत जो आनंद होतो, त्याच्या नैतिक बाजूचा येथे थोडा विचार करावयाचा आहे. आनंदाला कसली आली नैतिक बाजू, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या भूमीचे दुःख आपण सोसले नाही, तिचे सौंदर्य उपभोगण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही.

आनंद मात्र खराच आहे. ऑक्टोबरच्या सकाळी पिवळी-तांबडी ट्रॅम विस्तुला नदीचा पूल ओलांडते तेव्हा पाण्यावर धुके असते आणि काठची झाडे आतून दिवा लावल्यासारखी पिवळी दिसतात. उन्हाच्या दिवसांत कोळ्यांचे रेशमी धागे हवेतून तरंगत येऊन कोटाला चिकटतात. त्या दिवसांना येथे ‘म्हाताऱ्या बायकांचा उन्हाळा’ असे नाव आहे. शाळकरी मुले चेस्टनटची गुळगुळीत तपकिरी फळे खिशात भरतात आणि त्यांना काड्या टोचून घोडे व माणसे बनवतात. रविवारी संध्याकाळी उपनगरी गाडीत रानातून परतणारी माणसे मांडीवर अळंब्यांच्या टोपल्या घेऊन बसतात, आणि सारा डबा ओल्या मातीच्या वासाने भरून जातो. अनोळखी पुरुषाला ‘पान’ आणि स्त्रीला ‘पानी’ असे आदराने संबोधण्याची येथे रीत आहे. पानगळीच्या दिवसांत मराठी माणसाला याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणुकीविषयीच्या आपल्या ग्रंथात उपयोग आणि उपभोग यांतील भेद सांगताना प्रवाशाचाच दाखला घेतला आहे. परदेशी भटकणाऱ्याला स्वदेशी परतावयाचे असते. त्यासाठी त्याने वाहन वापरावे. पण वाटेच्या रमणीयतेत आणि वाहनाच्या गतीतच तो रमला, तर घर विसरतो. हा इशारा मोठ्या माणसाचा आहे, तो सहज बाजूला सारता येत नाही. तथापि रोजचा प्रवास हा निराळ्या जातीचा प्रवास आहे, असे मला वाटते. यंत्रात तिकीट घालून त्यावर वेळ उमटवून घ्यावी, म्हातारी बाई आली की उठावे, पाऊस असेल तर छत्रीचे पाणी शेजाऱ्यावर पडू न द्यावे, आणि ठरलेल्या थांब्यावर उतरून कामाला लागावे. अशा वाटेवरचा आनंद कोणाला अडकवून ठेवीत नाही. शिवाय ऑगस्टीन यांच्या मनातील स्वदेश वसईही नव्हे आणि वॉर्साही नव्हे. त्यांच्या हिशेबाने माझ्या शेजारी बसलेला पोलिश गृहस्थही माझ्याइतकाच प्रवासी ठरतो.

तरीही शंका फिटत नाही, ती फक्त कूस बदलते. आनंदामुळे मी माझे घर विसरतो की काय, हा प्रश्न मागे पडतो. इतरांचे घर मला दिसेनासे होते की काय, हा पुढे येतो.

वॉर्सातील अनेक भिंतींवर राखाडी दगडाच्या पाट्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात त्या जागी किती जणांना ठार करण्यात आले, त्याचा आकडा आणि तारीख त्यांवर कोरलेली असते. १९४४चा उठाव ६३ दिवस टिकला. तो चिरडल्यानंतर जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे जाळले आणि सुरुंगाने उडविले. आज ज्या रस्त्यावर मेपलची पाने पाहून मी हरखतो, त्याच रस्त्यावर कोणाचा तरी आजोबा पडला आहे. आणि वर्तमानही काही हलके नाही. त्याच पावसात पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन घरोघरी जेवण पोहोचविणारे सायकलस्वार दिसतात. त्यांत आपल्या देशाचे आणि नेपाळ-बांगलादेशाचेही तरुण आहेत. ओली पाने म्हणजे त्यांच्या दृष्टीने चाक घसरण्याची धास्ती. २०२२च्या फेब्रुवारीनंतर युक्रेनमधून आलेल्या स्त्रिया ट्रॅममध्ये फोनकडे पाहत बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर खिडकीबाहेरच्या सोन्याचे कौतुक तोंडावाटे काढवत नाही.

मग आनंद टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. पाहुण्याने तोंड पाडून बसल्याने यजमानाचे दुःख उणे होत नाही, आणि सौंदर्य हे दुःखाच्या मोबदल्यात मिळणारे वेतनही नव्हे. मात्र पाटी वाचावी आणि मग झाडाकडे पाहावे, एवढी शिस्त असावी. पान तेवढेच पिवळे राहते.

या संदर्भात कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवते. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तेथील छावणीत राहिले. त्यांनी शाळा चालविल्या, चर्च उभारले, बालवीरांची पथके काढली. ती मुले मायदेशी किंवा इतरत्र गेल्यावरही एकमेकांना धरून राहिली आणि कोल्हापूरची आठवण प्रेमाने काढीत राहिली. सारे गमावून आलेल्या त्या पोरांना आपल्या मातीत आनंद वाटला; त्याचा अधिकार त्यांच्यापाशी कोणी मागितला असेल, असे वाटत नाही. त्यांतील काही जण कोल्हापूरच्या पोलिश दफनभूमीत कायमचे विसावले आहेत.

१ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, वॉर्सात दफनभूमींकडे जादा ट्रॅमगाड्या सोडतात. प्रत्येकाच्या हाती शेवंतीची कुंडी आणि काचेतले दिवे. १७९०मध्ये सुरू झालेल्या पोवोंझ्की दफनभूमीत अंधार पडला की जमीनच उजळल्यासारखी दिसते. आणि अंधार तर चार-सव्वाचारलाच पडू लागतो. आमच्याकडे वसईतही दुसऱ्या दिवशी, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर फुले आणि मेणबत्त्या असतात. पण येथे माझी कबर अशी एकही नाही. ज्यांची माणसे दूरदेशी पुरलेली आहेत, ते लोक दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसापाशी दिवा ठेवतात. मीही फाटकाबाहेरून एक दिवा विकत घेतो आणि आजीसाठी तेथेच ठेवतो. आजूबाजूच्या शेकडो दिव्यांपैकी एखादा कोल्हापुरात विसावलेल्या कोणासाठी असणे अशक्य नाही. परतीच्या ट्रॅममध्ये उभे राहायलाही जागा नसते. विरार लोकलची सवय असल्यामुळे ते काही जड जात नाही.