छप्पर उघडणारे चौघे

आमच्या धर्मग्रामात एका रविवारी सकाळच्या मिस्साबलीनंतर व्याख्यान झाले. विषय होता 'समावेश, सर्जनशीलता आणि जीवनाची घडण'. वक्ते अभ्यासू होते, सभागृह भरलेले होते आणि शेवटी टाळ्याही मनापासून पडल्या. चहा घेऊन आम्ही मंडळी जिना उतरलो, तेव्हा खाली चाकाच्या खुर्चीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ भेटले. सुनेची वाट पाहत ते तासभर तेथेच होते. "काय सांगितलं हो पाहुण्यांनी?" त्यांनी विचारले. समावेशाविषयी सांगितले, हे उत्तर ओठांपर्यंत आले आणि तेथेच थांबले. आमचे सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. त्याला २२ पायऱ्या आहेत. त्या आम्ही तोवर कधी मोजल्या नव्हत्या.

काका रागावले असते तर बरे झाले असते. क्षमा मागून आम्ही मोकळे झालो असतो. परंतु त्यांना त्यात काही वावगे वाटलेच नव्हते. आपण खाली बसायचे आणि इतरांनी वर जायचे, ही त्यांच्या आणि आमच्याही जीवनाची घडी बसून गेली होती. अन्याय करणाऱ्याला तो दिसत नाही आणि सोसणाऱ्यालाही खुपत नाही, अशी वेळ येते तेव्हा दोष कोणाचा मानावा? त्या दिवसापासून हा प्रश्न आमची पाठ सोडत नाही.

समावेश म्हणजे काय, असे विचारले तर आपण म्हणतो, दार सर्वांना उघडे ठेवणे. आमचे दारही उघडेच होते. उघड्या दारापर्यंत ज्याला पोहोचता येत नाही त्याला त्या उघडेपणाचा काय उपयोग? म्हणून खरा प्रश्न असा आहे की, बदलायचे कोणी? आत येणाऱ्याने आपल्या साच्यात बसावे, की त्याच्यासाठी आपण आपला साचा मोडावा?

लुई ब्रेल ह्यांची जीवनकथा या बाबतीत फार बोलकी आहे. १८०९ साली फ्रान्समधील एका खेड्यात खोगिरे बनवणाऱ्या कारागिराच्या घरी ते जन्मले. तीन वर्षांचे असताना वडिलांची आरी डोळ्यात लागली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. गावच्या धर्मगुरूंनी त्यांना शिकवले, शाळामास्तरांनी वर्गात बसवून घेतले आणि दहाव्या वर्षी ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले. तेथील संस्थापक व्हॅलेंटिन हॉय ह्यांनी अंधांसाठी पुस्तके करविली होती. मात्र त्यांत नेहमीचीच अक्षरे कागदावर उठावदार केलेली असत. हेतू थोर होता, पण अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती. बोटांना ती चाचपडत वाचावी लागत आणि लिहिणे तर जवळजवळ अशक्यच. शार्ल बार्बिये ह्या लष्करी अधिकाऱ्याच्या बारा टिंबांच्या लिपीवरून ब्रेल ह्यांनी सहा टिंबांची, एका बोटाखाली मावणारी लिपी सिद्ध केली. तेव्हा ते अवघे पंधरा वर्षांचे होते.

येथे दयेत आणि समावेशात असलेला भेद स्पष्ट होतो. उठावदार अक्षरे सांगत होती, 'आमच्यासारखे वाचा.' सहा टिंबांनी सांगितले, 'बोटालाही स्वतःची वाचण्याची रीत आहे.' डोळस शिक्षकांना स्वतःला वाचता न येणारी लिपी मान्य करणे जड गेले. ब्रेल १८५२ साली वारले. त्यांच्या शाळेने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली. पुढे १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल निश्चित झाली आणि मराठीही त्या लिपीत बोटांनी वाचता येऊ लागली. ब्रेल पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असत, हेही आम्हांला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. उपासनेत ते ओझे नव्हते. उपासना त्यांच्या बोटांतून उभी राहत होती.

मार्कच्या शुभवर्तमानात कफर्णहूमच्या घराची हकिगत आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे उचलून आणतात. दाराशी इतकी गर्दी की वाट मिळत नाही. ती गर्दी दुष्ट नव्हती. प्रभूचे वचन ऐकायला आलेली, आपल्यासारखीच भाविक माणसे होती ती. पण त्यांच्या पाठी दाराकडे होत्या. चौघे परतले नाहीत. छप्पर उघडून त्यांनी खाट खाली सोडली. सर्जनशीलता केवळ कविता करणाऱ्यांकडे असते असे आपण समजतो. एका माणसावाचून आत बसणे ज्यांना सोसवत नाही, त्यांनाही ती सुचते. आणि प्रभूने छप्पर मोडल्याबद्दल कोणाला बोल लावला नाही. त्याने त्यांची श्रद्धा पाहिली.

कोणी म्हणेल, एकासाठी सर्वांची घडी का विस्कटावी? शिस्त, शांतता, खर्च ह्यांचा विचार नको काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बौद्धिक दिव्यांगता असलेले एखादे मूल मिस्साबलीच्या वेळी मोठ्याने ओरडते, तेव्हा प्रार्थनेत मग्न झालेल्यांचे मन विचलित होते हे खरे आहे. पण दर रविवारी त्या मुलाला घेऊन मागच्या दाराबाहेर उभी राहणारी आई आपल्या शांततेची किंमत मोजत असते, हेही तितकेच खरे आहे. ती किंमत तिने एकटीने का मोजावी? १९८३ च्या धर्मसभेच्या विधिसंहितेने, शारीरिक वा मानसिक व्यंग असलेल्यांना त्यांच्या स्थितीनुसार धर्मशिक्षण मिळेल हे पाहण्याचे कर्तव्य धर्मगुरूंवर सोपवले आहे. ज्याला शिकवायचे त्याला आत घ्यावेच लागेल.

शिवाय घडी विस्कटण्याची आपल्याला सवय नाही असेही नाही. १९१० साली पोप दहावे पायस ह्यांनी समज आलेल्या लहान मुलांना ख्रिस्तशरीर देण्यास सांगितले. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला. लॅटिनवाचून मिस्सा ही कल्पना तेव्हा अनेक भाविकांना चमत्कारिक वाटली. आज मराठीतून प्रार्थना करताना आपल्याला काही मोडल्यासारखे वाटत नाही. ज्यांच्यासाठी छप्पर उघडले गेले ते आपणच होतो. आत आल्यावर आपण ते विसरलो, इतकेच.

पुढचे व्याख्यान आम्ही तळमजल्यावरील धर्मशिक्षणाच्या वर्गात ठेवले. जागा अपुरी पडली, काहींना उभे राहावे लागले, थोडी कुरकुरही झाली. वक्ते होते तेच काका. गायनवृंदाची पेटी गेली कित्येक वर्षे तेच दुरुस्त करत आले आहेत, हे आम्हांला त्या दिवशी समजले. सूर कसा बिघडतो आणि कान कसा तयार करावा लागतो, हे त्यांनी तासभर सांगितले. दिव्यांगतेविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत.

वरच्या सभागृहाच्या २२ पायऱ्या अजून तशाच आहेत आणि तेथे अजूनही कार्यक्रम होतात. मात्र आता वर चढण्यापूर्वी खाली कोण राहिले, हे आम्ही वळून पाहतो. एवढ्याने पुरत नाही, हे आम्ही जाणतो. वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही असा एखादा जिना असेल. त्याच्या पायऱ्या एकदा मोजून पाहाव्यात.